घराचा कागद

माझ्या वडिलांची एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, एक-चौदाचे उतारे, आजोबांच्या वेळचे पोर्तुगीज भाषेतले एक खरेदीखत आणि शाळेच्या आखीव वहीचे दुमडलेले एक पान आहे. त्या पानावर निळ्या शाईने दोन चौकोन काढलेले आहेत. एकात लिहिले आहे '१२ बाय १०', दुसऱ्यात '१२ बाय १४'. समोर एक अरुंद पट्टी, 'बाल्कनी ४ फूट'. खाली सिमेंटच्या पोत्यांचा आणि सळ्यांचा हिशेब. १९८३ साली वडिलांनी आमच्या जुन्या नळ्यांच्या घराला पुढच्या अंगाने स्लॅबच्या दोन खोल्या आणि वर माडी जोडली, तिचा हा 'प्लॅन'. वडील प्राथमिक शिक्षक. चौकोन त्यांनीच पट्टीने आखले, म्हणून रेघा अगदी सरळ आहेत.

ती बाल्कनी १९९६ च्या पावसाळ्यात एका रात्री पडली. खाली कोणी नव्हते हे देवाचे उपकार, कारण दिवसा आमची आजी नेमकी तिच्याच सावलीत भाजी चिरत बसायची. पडण्यापूर्वी दोन-तीन वर्षे भिंतीला लागून, वरच्या बाजूला एक बारीक चीर दिसत होती. वडील दर मे महिन्यात ती सिमेंटने भरून घेत. सकाळी आम्ही पडलेला तुकडा उलटापालटा करून पाहिला. सळ्या होत्या, मोजल्या तर हिशेबात लिहिल्या होत्या तितक्याच होत्या. फक्त त्या सगळ्या खालच्या अंगाला होत्या. यात काय चुकले ते मला तेव्हा कळले नाही. कळायला पुढे पाव शतक जावे लागले.

निमित्त झाले नव्या घराचे. जुन्या घराच्या मागच्या भाटात एक लहानसे घर बांधायचे आम्ही ठरवले. आर्किटेक्टचा नकाशा झाला, आणि त्याने सांगितले की आता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. ती एक तरुण मुलगी, मला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणते. तिची फी ऐकून शेजारच्या घरात राहणारा माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, म्हणाला, "आमच्या मेस्ताक कागद कित्याक जाय?"

दादाचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मला तो बरेच दिवस पुरला. खरेच, आमच्या आजोबा-पणजोबांच्या मेस्तांना कागद का लागला नाही?

आमच्या जुन्या घराकडे पाहा. चिऱ्यांच्या भिंती, मातीचा दर्जा, मध्ये राजांगण, चहूबाजूंनी वसरी, वर फणसाच्या आणि माटीच्या लाकडाचे वासे. याचा नकाशा कोणी काढल्याचे घरात कोणाला ठाऊक नाही. पण नकाशा नव्हता म्हणजे नियम नव्हते असे नाही. घरधन्याने जागा दाखवायची, भटजींनी आय काढायचा. लांबी-रुंदीचा गुणाकार करून आठाने भागायचे. बाकी एक उरली तर ध्वज, तीन उरली तर सिंह, पाच तर वृष, सात तर गज. हे चांगले. सम बाकी आली की धूम्र, श्वान, खर, काक, म्हणजे माप थोडे इकडेतिकडे करायचे. मग खुंट्या ठोकून दोरी मारायची. काटकोन बरोबर आहे का ते तीन, चार आणि पाच हातांचा त्रिकोण धरून पाहायचे. घराचा नकाशा जमिनीवरच, खऱ्या मापात काढला जायचा आणि पायाचा चर खणला की पुसला जायचा.

भिंत किती जाड हवी? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे. सहाव्या शतकातला ग्रंथ. त्यात भाजक्या विटांच्या घराची भिंत घराच्या रुंदीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी जाड असावी असे सांगितले आहे. मी गंमत म्हणून आमची जुनी भिंत मोजली. घराची पुढची बाजू अठ्ठावीस फूट, भिंत गिलाव्यासह बावीस इंच. सोळाव्या हिश्श्याने एकवीस यायला हवी! आमच्या मेस्ताने बृहत्संहिता वाचली असेल असे मी मुळीच म्हणत नाही, आणि त्याचा माल वीट नव्हे, चिरा होता. पण अनुभव हाच ग्रंथ असेल तर दोघांनी तो वाचला असावा.

खोलीची रुंदी तर झाडच ठरवत असे. जितका लांब सरळ वासा मिळेल तितकीच खोली रुंद. म्हणून आपल्या जुन्या घरांतल्या खोल्या लांबट आणि अरुंद असतात. वजन किती, ताण किती, हे कोणी मोजत नसे. माणूस ज्याला घाबरतो त्यापेक्षा थोडे जास्त जाड करून ठेवायचे, हाच हिशेब.

आणि या घरात सगळे काही डोळ्यांना दिसत असे. तुळई वाकली तर दिसायची, वाळवी लागली तर भुसा पडायचा, भिंत फुगली तर ओळंबा लावून कळायचे. दर वर्षी पावसाआधी नळे परतायला माणूस छपरावर चढायचा, तेव्हा एकेका वाशाला हात लागायचा. मेस्त गावातलाच. त्याने बांधलेल्या घराखालून त्याला रोज जा-ये करावी लागे. जत्रेत, लग्नात, तिन्हीसांजेला तळीकडे तोच माणूस भेटणार. जबाबदारीचा दाखला वेगळा लिहून घ्यायची गरजच नव्हती.

जुने ते सोने म्हणून मी हे सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जड धाबा असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. ती घरेही पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातूनच आली होती. अनुभवाला उभे वजन ठाऊक होते, आडवा हिसका त्याच्या आठवणीत नव्हता.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. आमच्या बाल्कनीचे मूळ मला सापडले ते फ्रान्समध्ये. जोसेफ मोनिए नावाचा एक माळी. त्याने सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी तारेची जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतले. कुंडी ते घर हा प्रवास ज्याने घडवला त्यांतला मोठा माणूस म्हणजे फ्रांस्वा एनबिक. हा मूळचा पाथरवट, म्हणजे आमच्या मेस्ताच्याच जातकुळीचा. बेल्जियममध्ये एका गिऱ्हाइकाच्या घराला आगीपासून वाचवायचे म्हणून १८७९ साली त्याने लोखंडी तुळया काँक्रीटमध्ये झाकल्या, आणि तिथून विचार करीत करीत १८९२ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

पण मला त्याच्या पेटंटपेक्षा त्याच्या कचेरीचे जास्त कौतुक वाटते. एनबिकने सगळीकडे स्वतः बांधकामे केली नाहीत. पॅरिसला कचेरी थाटली. देशोदेशीचे कंत्राटदार परवाना घेत, कामाची माहिती तिथे पाठवत, आणि पॅरिसचे इंजिनिअर हिशेब करून नकाशे काढून देत. तुळई किती खोल, सळ्या किती, कुठे वाकवायच्या, आडवे पट्टे किती अंतरावर. घर बांधणारा एकीकडे, घराचा सांगाडा ठरवणारा दुसरीकडे, आणि दोघांमध्ये फक्त कागद. आज आपण ज्याला स्ट्रक्चरल प्लॅन म्हणतो तो इथे एक स्वतंत्र वस्तू झाला, विकत मिळणारी. त्या कचेरीचे दप्तर पॅरिसमध्ये अजून जपून ठेवले आहे.

आपल्या दृष्टीने गंमत अशी की ही पद्धत पोर्तुगालला लवकर पोचली. लिस्बनसमोर तेजू नदीच्या पलीकडे अल्माडा इथली कारामूजूची पिठाची गिरणी १८९७ साली जळली आणि १८९८ साली याच पद्धतीने पुन्हा उभी राहिली. पोर्तुगालमधली ही पहिली आरसीसीची इमारत मानतात.

मग अपघातही झाले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एनबिक पद्धतीचे एक हॉटेल बांधकाम चालू असतानाच कोसळले. मजूर मेले. तोवर हा व्यवहार कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातला होता; सळ्या कुठे घातल्या ते कंपनीला माहीत आणि बांधणाऱ्याला माहीत. कोसळल्यावर लोक विचारू लागले की आत काय घातले होते ते आम्ही कसे पाहायचे? १९०३ मध्ये स्विस नियम आले, फ्रान्सचे १९०६ मध्ये. पोर्तुगालने १९१८ साली आरसीसीसाठी नियम केले आणि १९३५ साली नवे आणले. भारतीय मानक संस्थेचे पुस्तक, ज्याला सगळे इंजिनिअर 'चारशेछप्पन' या नंबरानेच ओळखतात, ते १९५३ चे. पुढे ते अनेकदा सुधारले गेले.

आमच्याकडे स्लॅब सर्वसामान्य घरात आला तो मुक्तीनंतर. खाणींचा पैसा, मग आखाताचा पैसा, आणि नोकरीवाल्यांना कर्ज. नळ्यांचे घर म्हणजे गरिबी आणि स्लॅबचे घर म्हणजे वर आलो, असे एक समीकरण माझ्या लहानपणी झाले होते. दर वर्षी नळे परतायला माणूस मिळत नाही हेही कारण होतेच. घरे बदलली, मेस्त मात्र तेच राहिले. ज्याने चिऱ्याची भिंत ओळंब्यात उभी केली त्यालाच आता सांगितले गेले की स्लॅब घाल. तोही घालू लागला, दुसऱ्याचे पाहून. आमच्या १९८३ च्या मेस्ताला मी दोष देत नाही. त्याने बसवलेले दरवाजे आजही एका बोटाने लागतात. पण चिरा आणि लाकूड त्याला आरपार दिसत होते. काँक्रीटच्या आत काय चालते ते डोळ्यांना दिसतच नाही. एकदा ओतले की संपले. आत काय आहे याची आठवण फक्त कागदालाच राहते, आणि आमच्या कागदावर दोन चौकोन आणि पोत्यांचा हिशेब होता.

बाल्कनीचे काय चुकले ते त्या मुलीने मला अंगणातच समजावले. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधे खाली वाकतो, म्हणून त्याचे खालचे अंग ताणले जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून सळी खाली हवी. बाल्कनीचे उलट. ती एकाच बाजूने धरलेली. तिने आंब्याकडे बोट दाखवले. "काका, फांदीच्या टोकाला पोर चढले तर फांदी कुठून फाटते?" वरून, खोडाजवळ. आमची चीर तिथेच होती! वडील दर वर्षी जी भरत होते ती चीर म्हणजे सळी नसलेल्या जागी घर उघडत होते.

तिचे काम कसे चालते ते मी बसून पाहिले. आधी तिने भाटात दोन ठिकाणी माणसाच्या उंचीइतके खड्डे खणून घेतले. एका कोपऱ्यात वरची माती भरावाची निघाली, आजोबांनी कधीतरी बुजवलेला खड्डा असावा. तिथला पाया खोल न्यावा लागला. नुसते दोरी मारून बांधले असते तर घराचा एक कोपरा त्या भरावावर बसला असता.

मग हिशेब. मला वाटे घराचा विचार पायापासून सुरू होतो. तसे नाही. कागदावर घर वरून खाली उतरते. आधी स्लॅब, त्याचे वजन बीमवर, बीमचे कॉलमवर, कॉलमचे फुटिंगवर, आणि शेवटी मातीला विचारायचे की एवढे सोसशील का? जमिनीवर बांधताना तेच घर खालून वर चढते. बारा बाय चौदाच्या एका खोलीचा पाच इंची स्लॅब घ्या. त्याचे स्वतःचे वजनच जवळजवळ पाच टन भरते. माणसे, कपाटे, गणपतीला जमणारा गोतावळा यांच्यासाठी दर चौरस मीटरला दोनशे किलो धरतात, म्हणजे आणखी तीन टन. हे सगळे दिवसरात्र कोणाच्या तरी खांद्यावर आहे, ही गोष्ट त्या घरात झोपणाऱ्याच्या मनातही येत नाही.

शेवटी नऊ कागद हातात आले. कॉलम कुठे, फुटिंग किती, प्रत्येक बीमची सळी वेगळी. दोन बारकावे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे तेच सोडले जातात. एक म्हणजे कव्हर, सळीवरचे काँक्रीटचे पांघरूण. खाऱ्या वाऱ्याला उघड्या पडणाऱ्या भागात ते ४५ मिलिमीटर हवे असे २००० सालच्या चारशेछप्पनमध्ये आहे. आमच्याकडे कित्येक स्लॅबना बोटभरसुद्धा नसते, मग सळी गंजून फुगते आणि छताचे खपले ताटात पडतात. दुसरे म्हणजे कॉलमच्या रिंगा. रिंगेची टोके नुसती काटकोनात न मुडपता आत, कॉलमच्या पोटात वळवायची, १३५ अंशांत. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि तिथून शेकडो किलोमीटरवरच्या अहमदाबादेत नव्या आरसीसीच्या इमारती पडल्या. टोके बाहेर राहिलेली रिंग हिसक्यासरशी उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. त्यानंतरच्या २००२ च्या भूकंप नकाशात गोवा तिसऱ्या विभागात दाखवला आहे, म्हणजे आपण अगदीच निर्धास्त नव्हे.

आणि भूकंपच कशाला हवा? ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत दुपारी खाली आली. जमीन हललीही नव्हती. मेलेले बहुतेक बाहेरून पोटासाठी आलेले मजूर.

आपल्याकडे परवान्याच्या फाइलीला इंजिनिअरचे 'स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट' जोडावे लागते. एक पान असते. मला दोघा-तिघांनी आपुलकीने सांगितले की तेवढे पान घे, नकाशांच्या भानगडीत पडू नकोस, सळ्यांचे मेस्त बघून घेईल. हा सल्ला देणारी माणसे शिकलेली होती, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

असो. स्लॅबचा दिवस आला. मिक्सर आला, खडी-रेतीचे ढीग लागले, घरात वीस माणसांचा स्वयंपाक. सळ्या बांधणारे मुलगे बंगालचे. सकाळी सात वाजता ती टेप आणि नकाशाची गुंडाळी घेऊन सेंट्रिंगवर चढली. सगळीकडे फिरली, मग पुढच्या बाल्कनीपाशी गुडघ्यावर बसली. नकाशाप्रमाणे सळ्या वर बांधल्या होत्या. पण दोन दिवस माणसे त्यांवरून चालली, त्या पायांखाली दबून खाली टेकल्या होत्या. तिने हातातली पट्टी उभी धरून मला दाखवली. "काका, आज स्लॅब होणार नाही."

मेस्त रागावला. दादा तर जेवणाचे काय करायचे म्हणून ओरडू लागला. मी ट्रंकेतले वहीचे पान आठवत तिथे उभा राहिलो आणि म्हणालो की नाही तर नाही, जेवून जा सगळे. दिवसभर त्या मुलांनी सळ्यांच्या खुर्च्या वाकवल्या, वरच्या सळ्या उचलून त्यांवर बसवल्या, चालायला फळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्लॅब झाला. ओतण्याआधी मी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून घेतले. ते आणि नऊ कागद आता त्याच ट्रंकेत आहेत.

पंधरा दिवसांनी दादा संध्याकाळी आला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला आणि उठताना म्हणाला, "तें चेडूं परत केन्ना येतलें?" दादाचे स्लॅबचे घर १९८५ चे. मेस्त तोच, आमचाच.

ती आली. बाल्कनीत, भिंतीला लागून, वितभर लादी काढून तिने छिन्नीने खणायला लावले. स्लॅब चार इंचांचा. एका इंचावर सळी हवी होती. ती सापडली तीन इंचांवर. दादा काही बोलला नाही. त्याच संध्याकाळी त्याने बाल्कनीतले तुळशीचे डबे आणि वाळत घातलेली सोले आत नेली, आणि दुसऱ्या दिवशी बाल्कनीखाली चार लोखंडी टेकू लागले. पावसाआधी ती उतरवायची आहे. मेस्त मिळायला हवा.